वाटणीत समुद्र तिकडे गेला

चंद्रपूरच्या माणसाला परदेशी जायचं तर आधी नागपूरला जावं लागतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा परदेश तिथेच संपतो. मोरव्याला धावपट्टी आहे, नाही असं नाही. पण तिच्यावर मंत्री उतरतात, आणि ते उतरले की आपले रस्ते बंद होतात. बाकीच्यांनी वरोरा, जाम करत दीडशे किलोमीटर जायचं, वाटेत टपरीवर चहा प्यायचा आणि विमानतळावर तोच चहा कितीला मिळतो ते वाचून समाधानाने पुढे सरकायचं.

त्यातून प्रवास मे महिन्यातला. बाहेर पारा सेहेचाळीसवर, कूलरमधलं पाणीसुद्धा चहाच्या लायकीचं झालेलं, आणि घरात बॅगेत स्वेटर भरणं चाललेलं. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा लागतो हे मी गल्लीत सगळ्यांना समजावलं, पण भूगोल वेगळा आणि डोळ्यांसमोर लोकरीचा स्वेटर दिसणं वेगळं. शेजारचे काका त्याला नुसता हात लावून पाणी मागत घरी गेले. जाताना एवढं मात्र म्हणाले, "ऑस्ट्रेलियाले जाऊन रायले? जपून बापा! तिकडं लई इखारी साप रायतेत म्हणे." काका दुर्गापूर भागातले. संध्याकाळी दिवे लागले की बिबट्याच्या भीतीने त्यांच्या आळीतली पोरं घरात घेतात. पण बिबट्या आपला. साप परका.

परिषद न्यूकॅसलला होती. इंग्लंडातलं नव्हे, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं. सिडनीच्या उत्तरेला साधारण एकशे साठ किलोमीटरवर, हंटर नदी समुद्राला मिळते तिथलं. विषय होता, कोळशाच्या खाणी संपल्यावर मागे उरलेल्या जमिनीचं काय करायचं. मी चंद्रपुरात भूशास्त्र शिकवतो. या विषयावर बोलायला चंद्रपूरच्या माणसाला अभ्यासाची गरज नसते, खिडकी उघडली तरी पुरते. गावाभोवतीचे निम्मे डोंगर पृथ्वीने केलेले आणि निम्मे खाणवाल्यांनी. सोबतीला गडचिरोलीचे एक सर होते, वनहक्कांवर काम करणारे, गोंडी मातृभाषेचे आणि अत्यंत कमी बोलणारे. दोघांनी मिळून विदर्भाची बाजू मांडायची असं ठरलं होतं. म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी खरं बोलायचं.

भूशास्त्राच्या माणसाला एक खोड असते, त्याला जगभर भाऊबंद दिसतात. ऑस्ट्रेलिया मला कधीच परदेश वाटला नाही. तो वाटणी होऊन वेगळा निघालेला भाऊ आहे. साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एका वाड्यात नांदत होते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका त्याआधीच वेगळी चूल मांडून बसले होते आणि मादागास्कर आपल्या कडेवर होतं. या एकत्र कुटुंबाचं नाव गोंडवन, म्हणजे आपल्या गोंड राजांच्या मुलखाचं. ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ साली ते जुन्या दक्षिण खंडाला लावून टाकलं. चंद्रपुरातल्या कुणाला विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती. घराण्याचं नाव आपल्या पातीकडे राहिलं. २०११ साली गडचिरोलीला विद्यापीठ झालं तेव्हा तेच त्याला दिलं. पण नावाने पोट भरत नाही. वाटणीत ऑस्ट्रेलियाला चारी बाजूंनी समुद्र मिळाला. चंद्रपूरला काय मिळालं? मे महिना.

आणि तोही मुळातला नव्हे. पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ एक खडक आहे, वरून गुळगुळीत आणि अंगावर ओरखडे. १८७०च्या दशकात फेडन नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाला तो दिसला. ते ओरखडे हिमनदीचे आहेत, असं निघालं. आपल्या चंद्रपुरात, जिथे आज डांबराला चप्पल चिकटते तिथे, तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फाचे लोट सरकत होते. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, मग ते परत कधी येणार?"

बर्फ ओसरल्यावर दलदलीत झाडं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. त्यातल्या मुख्य झाडाचं नाव ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानाचं. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रॉन्यार यांनी १८२८ साली त्याला नाव दिलं तेव्हा त्याचे दोन प्रकार नोंदवले, एक इंडिका आणि दुसरा ऑस्ट्रलॅसिका. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं लागावीत तशी. वर्धा खोऱ्यातला आपला कोळसा न्यूकॅसलच्या कोळशापेक्षा दोनेक कोटी वर्षांनी वडील आहे. तेव्हा थोरली पाती आपली. हे मी सिडनीच्या विमानात शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. त्याने डोळ्यांवर पट्टी ओढून घेतली.

थोरल्या पातीचं स्वागत कसं झालं ते आता सांगतो.

उतरण्याआधी विमानात एक कार्ड भरून घेतात. अन्न आणलंय का, बिया आणल्यात का, लाकूड, माती, औषधी पाला? मग एक प्रश्न असा: गेल्या तीस दिवसांत तुम्ही शेत, जनावरं, रानटी प्रदेश, गोड्या पाण्याचे झरे किंवा तळी यांच्या संपर्कात आला होता का? मुंबई-पुण्याचा माणूस इथे डोळे मिटून 'नाही' वर खूण करत असणार. गडचिरोलीच्या सरांनी पेन हातात धरून बराच विचार केला. म्हणाले, "भाऊ, संपर्कात नव्हतो असा एखादा दिवस विचारला असता तर सांगता आलं असतं." आम्ही दोघांनी सगळीकडे 'हो' लिहिलं आणि 'हो' वाल्यांच्या वेगळ्या रांगेत उभे राहिलो. तिथे आमच्यापुढे एक शेतकरी होता, न्यूझीलंडचा. बाकी सगळं जग स्वच्छ होतं.

आमच्या बॅगेत जवसाची चटणी, सुक्या झिंग्यांची पुडी, मोहफुलांचे लाडू आणि थोडी सुटी मोहफुलं होती. एक गोजिरवाणं कुत्रं येऊन माझ्या बॅगेपाशी बसलं आणि उठेचना. अधिकारी बाई मात्र फार सभ्य. प्रत्येक डबा उघडून, हुंगून, नाव विचारून लिहून घेत होत्या. जवसाला पास केलं. झिंग्यांपाशी थोडा वेळ गप्प राहिल्या, पण पास केलं. मोहाशी आल्यावर म्हणाल्या, हे काय? मी म्हटलं, फूल. खातात? खातात. आणखी काय करतात? आता हा प्रश्न भारतात कुठल्याही नाक्यावर आला असता तर मी म्हटलं असतं, काही नाही साहेब, प्रसाद आहे. पण परदेशात खरं बोलावं असं कार्डावर छापलेलं होतं. म्हणालो, गाळून दारू करतात. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच शास्त्रीय कुतूहल उमटलं. त्यांनी दोन सहकाऱ्यांना बोलावलं, तिघांनी फुलं हुंगली. शेवटी लाडू आम्हाला दिले आणि सुटी फुलं ठेवून घेतली. नष्ट करायला, असं त्या म्हणाल्या. सर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "आपल्याकडे जप्तीचा माल असाच नष्ट होतो."

सिडनीहून न्यूकॅसलला आगगाडी जाते, अडीच-पावणेतीन तासांत. वाटेत हॉक्सबरी नदीचं रुंद पात्र, दोन्हीकडे डोंगर, आणि डोंगरांवर झाडं. सर काचेला नाक लावून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सामाजिक वनीकरण इथवर पोचलं म्हणा की." सगळी निलगिरी होती. निलगिरी मूळची इथली आणि आपण ती इथूनच नेली हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या ट्रकांवर ज्याने जन्मभर निलगिरीचे ओंडके पाहिले, त्याला उभं जंगलच्या जंगल निलगिरीचं दिसलं की 'हे आता तोडायला कधी येणार' हाच प्रश्न मनात येतो. कोआला त्या झाडांवर बसून दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, हे ऐकल्यावर सरांनी त्या जनावराबद्दल आदर व्यक्त केला.

न्यूकॅसल मला पहिल्या तासातच आवडलं, आणि त्याचं कारण समुद्र नव्हे. त्या गावाचा इतिहास. सिडनीला इंग्रजांनी कैदी आणून वसाहत केली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सिडनीत आणलेल्या कैद्याने तिथेही पुन्हा गुन्हा केला तर? तर त्याला न्यूकॅसलला पाठवत. १८०४ साली आयरिश कैद्यांचं बंड मोडल्यावर हे ठाणं त्यासाठीच उभं केलं, आणि पुढची वीसेक वर्षं ते चाललं. कोळसा खणायचा, चुना भाजायचा, समुद्रात दगडाचा धक्का बांधायचा. सिडनीतल्या कैद्यांना न्यूकॅसलचं नाव काढलं तरी धडकी भरायची.

हे माहिती फलकावर वाचताना मी सरांकडे बघितलं आणि सरांनी माझ्याकडे. महाराष्ट्रात शिक्षेची बदली म्हणजे काय हे गडचिरोलीच्या माणसाला समजवावं लागत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा जिल्हा निघाला, तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक खात्याच्या साहेबाला कनिष्ठावर डोळे वटारायला एक गाव मिळालं. "गडचिरोली दाखवीन" ही धमकी मुंबईच्या मंत्रालयात जेवढी चालते तेवढी खुद्द गडचिरोलीत चालत नाही. तिथे फार तर भामरागड दाखवता येतं. बदलीचा कागद आला की माणसं आजारी पडतात, त्यांचे आईवडील आजारी पडतात, ओळखीचे आमदार शोधले जातात. सरकारने नक्षलग्रस्त भागासाठी एकस्तर वेतनश्रेणी देऊन पाहिली, तरी आईवडिलांची तब्येत सुधारत नाही. आणि ज्यांना सुटता आलं नाही असे काही लोक तीन वर्षांसाठी म्हणून येतात आणि तीस वर्षांनी इथेच निवृत्त होतात, जंगलाच्या कडेला घर बांधून. न्यूकॅसलचंही तेच झालं. शिक्षेचं गाव आज निवृत्त लोकांचं आवडतं गाव आहे, आणि कैद्यांनी कातळ फोडून कमांडंटसाहेबाला आंघोळीसाठी केलेला समुद्राकाठचा हौद बघायला पर्यटक येतात. बोगी होल म्हणतात त्याला. साहेब कुठलाही असो, त्याला आधी आंघोळीची सोय लागते, हे आपल्या विश्रामगृहांवरूनही लक्षात येतं.

परिषद सुरू झाली ती वेळेवर. हा पहिला सांस्कृतिक धक्का. नऊ म्हणजे नऊ. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रमुख पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेले नाहीत. त्याऐवजी एक वेगळा विधी असतो. प्रत्येक वक्ता सुरुवातीला म्हणतो, ज्या भूमीवर आपण जमलो आहोत तिचे मूळ धनी अवाबकल आणि वरिमाई लोक आहेत, त्यांना आणि त्यांच्या वाडवडिलांना मी वंदन करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर ताठ बसले. दुसऱ्यांदा त्यांनी मान हलवली. दिवसभरात ते एवढ्या वेळा झालं, की चहाच्या वेळी त्यांनी शेजारच्या प्राध्यापकाला शांतपणे विचारलं, "इतकं मान्य आहे, तर मग परत कधी देताय?" प्राध्यापक भला माणूस. त्याने १९९२ च्या माबो निकालापासून सुरुवात करून मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काचा सगळा कायदा समजावला, आणि चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सरांचं भाषण होतं. त्यांनी कुणालाच वंदन केलं नाही, सरळ मेंढा-लेखाची गोष्ट सांगितली. धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा देणारं. २००९ साली त्या गावाला अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतोच, आणि तो देणार वनखातं. बांबू हे झाड की गवत यावर वाद झाला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. सभागृहातून प्रश्न आला: म्हणजे परवान्यावर गावच सही करतं? हो. मग सरकार काय करतं? सर म्हणाले, "येऊन बघून जातं. चहा देतो आम्ही." टाळ्या पडल्या. ते खाली बसले तेव्हा दिलेल्या वेळातली अर्धी मिनिटं शिल्लक होती.

माझी गोष्ट निराळी. मला पंधरा मिनिटं होती. समोर एक मुलगी कार्ड घेऊन बसलेली, पाच मिनिटं उरली, दोन उरली असं दाखवायला. झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला हा जुलूम आहे. वडशाच्या मंडळींचं नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. पंधरा मिनिटांत तर तिथे माईकवरची देणगीदारांची नावंसुद्धा संपत नाहीत. तरी मी नेटाने सुरुवात केली. मातीच्या ढिगाऱ्यांचा उतार किती, आम्लता किती, पावसाळ्यात गाळ कुठे जातो, कुठली झाडं जगतात, सुबाभूळ का फोफावते. सभागृहात जेवणानंतरची शांतता पसरली. पुढच्या रांगेत एक जण कोआलाच्या मार्गावर होता. तेवढ्यात एका ढिगाऱ्याचा फोटो आला, आणि मी सहज बोलून गेलो की इथे मोजमाप अर्धवट राहिलं, कारण वर वाघीण बसली होती.

मी पुढचं चित्र लावलं. कुणीतरी ओरडलं, मागे जा!

त्यानंतर उताराबद्दल, आम्लतेबद्दल, गाळाबद्दल मला कुणीही काहीही विचारलं नाही. वाघ खाणीत कसा येतो? मी म्हटलं, खाण वाघात आलेली आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून १,७२७ चौरस किलोमीटरचा, त्याला लागून कोळशाच्या खाणी, त्याला लागून २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र, त्याच्या आवारात झुडपं, झुडपांत डुकरं आणि डुकरांमागे बाकीचे. कामगार पाळीवर कसे जातात? जातात, घोळक्याने. तुम्हाला भीती वाटत नाही? आता यावर काय सांगणार! खरी गोष्ट अशी की जंगलालगतच्या गावांत भीती वाटते, माणसं मरतात, सरपणाला आणि तेंदूपत्त्याला गेलेली माणसं मरतात, आणि सफारीच्या जिप्सीतून दिसणाऱ्या वाघाशी त्या वाघाची ओळख नसते. तेही मी सांगितलं. सभागृह थोडं गंभीर झालं आणि मग पुन्हा विचारलं, फोटो आणखी आहेत का? दोन मिनिटांचं कार्ड दाखवणारी मुलगी कार्ड खाली ठेवून ऐकत होती. चंद्रपूरच्या माणसाच्या विद्वत्तेला जगाच्या बाजारात काय भाव आहे ते मला त्या दिवशी कळलं. वाघाचा भाव आहे, विद्वत्ता वर घालायला.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर स्थानिक मंडळींनी आमची गंमत करायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियात पाहुण्याची थट्टा करायची एक ठरलेली रीत आहे. त्याला सांगायचं की इथे 'ड्रॉप बेअर' नावाचं जनावर असतं, कोआलासारखं दिसणारं पण मांसाहारी. झाडावर दबा धरून बसतं आणि खालून माणूस गेला की त्याच्या डोक्यावर उडी टाकतं. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने तर थट्टा पुढे नेत त्याला शास्त्रीय नाव देऊन नोंदही करून ठेवली आहे. उपाय एकच, कानामागे व्हेजिमाइट लावायचं. व्हेजिमाइट म्हणजे ते लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट लेप. तो चाखल्यावर अस्वल लांब राहील यावर माझा विश्वास बसला.

त्यांनी हे सगळं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. सरांनीही गंभीर चेहऱ्याने ऐकलं. मग ते म्हणाले, "आमच्याकडचं उडी नाही मारत." आणि सांगू लागले. मार्च-एप्रिलात मोहफुलं पहाटे गळतात. बाया-माणसं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर फुलं गुरं खातात. त्याच वेळी अस्वलही येतं, त्यालाही फुलंच हवी असतात. दोघंही खाली बघत वेचत येतात. कधीकधी एकाच झाडाच्या दोन बाजूंनी वेचत येतात आणि मधे भेटतात. अस्वलाला दिसतं कमी आणि राग फार. ते उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं.

टेबलावर हसू फुटलं. काय सुंदर रचलंय, म्हणाले. फुलं खाणारं अस्वल! आणि त्याच फुलांची दारू! एकाने तर सरांच्या पाठीवर थाप मारली, की आमची थट्टा आमच्यावरच उलटवलीत. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. विमानतळावरच्या बाईंनी फुलं ठेवून घेतली नसती तर पुरावा तरी होता.

समुद्राबद्दल लिहायला हवं, नाहीतर वाचक म्हणतील किनाऱ्यावर जाऊन खडकच बघत बसला. खरं म्हणजे खडकच बघत बसलो. न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर उंच कड्यांत कोळशाचे काळे थर उघडे दिसतात, खाली लाटा आणि वर घरं. १७९७ साली पळालेल्या कैद्यांच्या मागावर आलेल्या शॉर्टलंड नावाच्या लेफ्टनंटला इथे कोळसा दिसला, हे त्याचं कर्तृत्व सांगतात. तिथे उभं राहिल्यावर वाटलं, न दिसता तर कर्तृत्व. बाकी समुद्र मोठा होता, निळा होता आणि गार होता. लोक त्या थंडीत पहाटे पोहत होते आणि ओल्या अंगाने, अनवाणी, दुकानात जाऊन कॉफी घेत होते. वाळूत लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात. त्यांच्या मधेच पोहायचं. बाहेर गेलात तर पाण्याचा ओढा आत नेतो. आणि शार्क? शार्क झेंडे वाचत नाही. हे उत्तर मला ओळखीचं वाटलं, ताडोबाच्या फाटकावर हद्दीबद्दल विचारलं तर गाइड हेच सांगतो.

क्षितिजावर जहाजांची रांग होती, कोळसा भरायला थांबलेली. वर्षाला साधारण पंधरा कोटी टन कोळसा या बंदरातून जातो. जगात एवढा कोळसा बाहेर पाठवणारं दुसरं बंदर नाही. ते पाहून मी सरांना एक जुनी नोंद सांगितली. १७९९ साली न्यूकॅसलचा कोळसा एका जहाजातून परदेशी गेला आणि ती त्या वसाहतीची पहिली निर्यात मानतात. गेला कुठे? बंगालला. म्हणजे वाटणी झाल्यावर तेरा कोटी वर्षांनी धाकट्याने थोरल्याला पहिली वस्तू पाठवली तीही कोळसाच, जो थोरल्याच्या घरात पायाखाली पडलेला होता. सर म्हणाले, "पैसे घेतले असतील."

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजीबाई रोज सकाळी खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसत आणि फडकं आम्हाला दाखवत. काळं. उघड्या वाघिणींतून कोळसा जातो, झाकत नाहीत, कितीदा सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना चंद्रपुरात वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्याचं काय होतं ते सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. सगळ्या परिषदेत कोळशावर इतकं एकमत दुसऱ्या कुणाशी झालं नाही. त्यांचे यजमान पोलादाच्या कारखान्यात होते. १९१५ साली सुरू झालेला तो कारखाना १९९९ साली बंद पडला. गाव बुडणार असं सगळे म्हणत होते, बुडालं नाही. आता कोळशाबद्दल तेच म्हणतात. आजीबाई म्हणाल्या, बंद करा म्हणते मी, पण नातू खाणीत आहे. हे वाक्य मी घुग्घुसमध्ये ऐकलंय, राजुऱ्यात ऐकलंय, बल्लारपुरात ऐकलंय.

निरोपाच्या संध्याकाळी मद्यपान होतं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला झाली आणि २०२१ साली उठली. मधल्या सहा वर्षांत कित्येक चंद्रपूरकरांना वणीचा रस्ता पाठ झाला. त्यामुळे आमच्या दोघांच्याही हातात ग्लास आला की आधी दाराकडे नजर जाते. यजमानांनी कौतुकाने एक बाटली पुढे केली: हिरव्या मुंग्या घातलेली जिन, मूळ रहिवाशांच्या खाद्यपरंपरेतून आलेली, महागडी. मुंगी आत तरंगत होती. सरांनी ग्लास उजेडात धरला. "झाडावर पानं शिवून घर करते का ही?" हो. "चव आंबट?" लिंबासारखी. सरांनी ग्लास खाली ठेवला. "भामरागडकडे चटणी करतो आम्ही हिची. तांबडी असते आमच्याकडे, मिरची-मीठ घालून पाट्यावर वाटायची." मी तिथल्या तिथे शोधून पाहिलं; जात एकच, ईकोफायला स्मॅरॅग्डिना. हे नातं मात्र गोंडवनातलं नव्हे, वाटणीनंतर इंडोनेशियाच्या वाटेने जुळलेलं. यजमानांना फार आनंद झाला आणि त्यांनी चटणीची किंमत विचारली. सर म्हणाले, "झाडावर चढायचं. बाकी फुकट."

तेव्हाच आयोजकांनी विचारलं की पुढची परिषद तुमच्याकडे भरवता येईल का. मी हो म्हणून बसलो आहे आणि सर नाही म्हणालेले नाहीत. येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: नागपूरला उतरावं, मे महिना सोडून कधीही यावं, वाघ दिसेलच असं नाही पण ढिगारे नक्की दिसतील. गडचिरोलीत मुक्काम असेल तर बाटली आणू नये, नाक्यावर तपासणी होते. मुंग्यांची सोय सर करणार आहेत.